नकाशातून गेलेला ओढा

मंगळवार, संध्याकाळ

१. आमच्या रिहे गावातल्या नव्या प्लॉटिंगची मोजणी मी केली. नकाशात ओढा दाखवला.
२. आज ग्रामसभेत तो नकाशा मंजुरीसाठी लावला. ओढा गायब. कोपऱ्यात माझं नाव मात्र तसंच.
३. मी उभी राहून विचारलं. सरपंचकाका, म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, म्हणाले, "पोरी, चार महिने पानी वाहतंय, त्याला काय ओढा म्हनत्यात व्हय? बस खाली." सगळे हसले.

हसू देत. पण नकाशात नाही म्हणून उद्या ओढा बुजवला की पाणी आमच्याच भातखाचरात शिरणार, आणि नकाशावर नाव माझं. येताना बाबा एवढंच म्हणाले, "भावकी हाय. सोड."

आधी सोडलं होतंच की. मूळ मोजणी माझ्याकडे आहे. तिच्यात ओढ्याच्या काठापासून काकांच्या मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर चार मीटरवर आहे. इतक्या जवळ बांधता येत नाही. मी दोनदा मोजलं, आणि भावकी म्हणूनच कुणाला बोलले नाही. त्यांना वाटलं असेल, हिला दिसलंच नाही.

हा सूड आहे का? आहे. पण चार मीटर म्हणजे चार मीटरच.

अर्ज तयार आहे, मूळ मोजणीचा नकाशा जोडलाय. उद्या सकाळी ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यायची, एक प्रत तहसीलला. शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचली, एक शब्दही बदलावासा वाटला नाही:

"ओढा व त्यालगतची सर्व बांधकामे नकाशावर दाखवणार किंवा नाही, याचे लेखी उत्तर येत्या शुक्रवारपर्यंत द्यावे."