रिकामं हाउसफुल

सोल,
सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

सप्रेम नमस्कार. थंडी पडू लागली. बाजारात बसताना रबरी हातमोज्यांच्या आत लोकरीचे घालतेस ना?

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. ‘तीस हजार लोकांनी मी लिहिलेला आपला सिनेमा पाहिला,’ असं मी कळवलं होतं. तिकिटं तेवढी विकली गेली होती, एवढंच खरं. त्यातला सकाळचा एक अख्खा खेळ कोणीच पाहिलेला नाही, आणि तोही आपल्याच गावातला, थोंगयंगमधला.

थिएटरच्या व्यवस्थापकांचा फोन आला. “तिकिटं सगळी गेलीत आणि हॉलमध्ये चिटपाखरू नाही. तुमचा सिनेमा भुतं बघतात का?” मला घामच फुटला. संशय येऊन तुला फोन लावला, तर उचलला तुझ्या शेजारी कालवं सोलणाऱ्या ओकबुन मावशीने.

“अगं, हंगाम सोडून जाणार कशा आम्ही? देह इथे बसलेत, आत्मे पाठवलेत सिनेमाला! तुझ्या आत्याने सगळ्या बाजाराला तिकिटं काढायला लावली.”

आवडत्या सिनेमाचं तिकीट काढून, स्वतः न जाता असा आत्मा पाठवायची रीत कॉलेजच्या मुलींची. तुम्हाला कोणी शिकवली? शिवाय त्या दिवशी दोन माणसं हाउसफुलची पाटी बघून परत गेली. त्यांची मला अजून रुखरुख आहे.

पण पुढे काय झालं ते ऐक. आमच्या धंद्यात आधी माणसं मोजतात, मग पैसे. तिकिटातला जवळजवळ अर्धा वाटा थिएटरचा, मग कर, मग वितरकाचा वाटा. उरलेल्यातून खर्च भरून निघायला आम्हाला पन्नास हजार माणसं हवी होती. आणि बुकिंग दिसलं नाही, तर दुसऱ्या आठवड्यात पडदाच मिळत नाही. तुमच्या आत्म्यांमुळे थोंगयंगला सिनेमा उतरला नाही, उलट संध्याकाळचा खेळ मिळाला. तिथे हाडामांसाची माणसं आली. त्यांनी आजूबाजूच्या गावांत सांगितलं. आणि काल पन्नास हजार पार झाले, आत्या!

आमचे दिग्दर्शक ताक साहेब टेबलावर चढून नाचले. पन्नास हजार झाले तर कालव बनून प्रेक्षकांसमोर येईन, असं त्यांनी जाहीर कबूल केलं होतं. आता भलाथोरला शिंपला शिवायला टाकलाय. “थिएटरच्या दारातून मावेन ना मी?” म्हणून दिवसभर आमचं डोकं खातात.

एक राहिलंच. फोन ठेवताना ओकबुन मावशी हळूच म्हणाली, “हंगामाचं निमित्त गं. तुझी आत्या एकदा थिएटरपर्यंत गेली होती. पोस्टर बघून मागे फिरली. म्हणाली, पोरीने माझा मारकुटा हात दाखवला असला तर?”

आत्या, दाखवलाय. ओरडणं दाखवलंय, पाठ फिरवून बसणं दाखवलंय. खोटं लिहायचं नाही, हे तूच शिकवलंस. पण माशाच्या गालाचा मऊ तुकडा रोज कोणाच्या भातावर ठेवायचीस, तेही दाखवलंय. तिथे सगळा हॉल हसतो, कारण तेव्हाही तू मला रागावतच असतेस.

तू पाहिला नाहीस, तर मला पन्नास हजारांचं काय सुख? हे लिहायला एवढं पान घालवलं बघ.

ताक साहेबांचा शिंपला थोंगयंगलाच येतोय. मी दोन खुर्च्या घेतल्यात, शेजारशेजारच्या. आत्मा पाठवलेला चालणार नाही.

तुला बाजारातून हाताला धरून न्यायला येणारी, शनिवारी, १६ नोव्हेंबरला,

तुझीच पोर,
येसल