जांभळ्या प्लिमथचं मूळ रूप

टोलिडो, ३ एप्रिल २००६

ती. वांडावहिनींना रोमनचा नमस्कार, वि. वि.

गाडीतला गालिचा निम्मा उखडून झाला होता, तेवढ्यात टपाल आलं. तुमचं पत्र तेलकट हातांनीच वाचलं, म्हणून या कागदावरही डाग आहेत.

कॅझदादाच्या गाडीला ऑटोमॅटिक गिअर, हलका ब्रेक आणि वर थंड हवेची सोय हवी, असं तुम्ही लिहिता. वहिनी, ती सत्तर सालची जांभळी प्लिमथ आहे, दवाखान्याची गाडी नव्हे. दादा जन्मभर सांगत आला की गाडी कारखान्यातून आली तशीच आहे. तो जाऊन दोन वर्षं झाली नाहीत तोवर मी तिच्यावर कटर चालवू? सप्टेंबरात तिला प्रदर्शनात नेणार आहे. तिथले परीक्षक नटबोल्टचा रंगसुद्धा बघतात.

ऑगस्टात वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांच्या रांगेत तुम्हाला जायचंय, तर मी चालवीन. तुम्ही शेजारी बसा.

रागावलात तरी दोन ओळी लिहा.

तुमचा
रोमन

*

अल्पीना, ९ एप्रिल

चि. रोमनभाऊजींना आशीर्वाद, वि. वि.

शेजारी बसा, म्हणे. एकतीस वर्षं शेजारीच बसले, मांडीवर बटाट्याच्या पिएरोगींचा डबा घेऊन. एकदाही चावी हातात मिळाली नाही. तू क्लच जाळशील, असं तुमचे दादा म्हणायचे. आता क्लच दाबायला डॉक्टरांची बंदी आहे, आणि दादा नाहीत.

तुम्हाला मूळ रूपाचं वेड आहे. माझा डावा गुडघा धातूचा आहे. मूळचा काढला तेव्हा कोणी माझे गुण कापले नाहीत. उलट मी चालायला लागले.

मला मिरवायचं नाही, भाऊजी. ती गाडी एकदा स्वतः चालवायची आहे, एवढंच. पुढच्या वर्षी उजव्या गुडघ्याची पाळी आहे. त्यानंतर डॉक्टर काय म्हणतील कोण जाणे. म्हणून याच ऑगस्टात.

तळ्यावरचा बर्फ गेला. माझ्या जावेला, टेरेसाला सांगा, मोहरी कमी घालून सॉसेज केले तर तुमचं पोट बिघडणार नाही. दुरुस्तीला तुमच्याकडे दिली तरी गाडी माझी आहे हे विसरू नका, आणि मलाही विसरू नका.

वांडा

*

टोलिडो, २३ एप्रिल

ती. वहिनींना नमस्कार, वि. वि.

आज गालिचा पुरता काढला. गिअरचा दांडा जिथून वर येतो तिथे पत्र्याला उंचवटा असतो. कारखान्यातला उंचवटा नीट टाके घातल्यासारखा बसवलेला असतो. आपला कोणीतरी जोडलाय. वेल्डिंग असं की जणू कबुतरांनी घाण केलीय. हे वेल्डिंग मी ओळखतो. आमच्या आईच्या फाटकावर तेच होतं. दादाने जोडलेलं ते फाटक कधी नीट लागलं नाही.

मग ब्रेकचं पेडल पाहिलं. क्लचला जागा व्हावी म्हणून दोन्ही बाजूंनी करवतीने कापलेलं. रुंद पेडल ऑटोमॅटिक गाडीलाच असतं.

वहिनी, गाडी कारखान्यातून ऑटोमॅटिक आली होती. दादाने ती घेतली तेव्हा मी फौजेत होतो, जर्मनीत. परतलो तेव्हा चार गिअर होते, आणि दादाने सांगितलं ते मी मानलं. छत्तीस वर्षं मीही ते लोकांना सांगत आलो. खूप हसलो.

आता मूळ रूपात आणायची तर तुमचंच ऐकावं लागणार. ऑटोमॅटिक बसवतो. तो उंचवटा कापून सपाट पत्रा टाकतो. थंड हवा आणि हलका ब्रेक मात्र मिळणार नाही. ते कारखान्यातून आले नव्हते.

जिंकलात म्हणून फार टोचू नका.

रोमन

*

अल्पीना, ३० एप्रिल

चि. भाऊजींना आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून मी एकटीच इतकी हसले की कुत्रा उठून बाहेर गेला.

लगेच स्टॅनलींना फोन केला, ते दादांबरोबर कारखान्यात कामाला होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. क्लच नाही म्हणून कारखान्याच्या आवारात सगळे त्या गाडीला आजीबाईंची गाडी म्हणायचे. म्हणून ईस्टरच्या सुट्टीत दादांनी वेल्डिंगचं यंत्र मागून आणलं, आणि कोणाला सांगायचं नाही अशी स्टॅनलींना शपथ घातली. त्यांनी ती आजवर पाळली. माझं लग्न पुढे तीन वर्षांनी झालं. म्हणजे मी चालवू शकले असते अशी गाडी होती, आणि या माणसाने ती चार टोमण्यांपायी कापली.

तरी एक सांगते. तो उंचवटा काढू नका. थंड हवा नको, ब्रेक जड असू दे. पण ते वेडंवाकडं काम त्यांच्या हातचं आहे. त्यांच्या हातचं दुसरं काय उरलंय माझ्याकडे? फाटकही तुम्ही विकलंत.

हट्टी म्हणा, पण ऐका.

वांडा

*

टोलिडो, १० जुलै

ती. वहिनींना नमस्कार, वि. वि.

दोन महिने तुमच्याशी मनातल्या मनात भांडलो. परीक्षक गालिचा उचलतात. हे वेल्डिंग दिसलं की पहिला नंबर गेलाच, आणि त्या नंबरासाठी मी अकरा वर्षं थांबलोय. टेरेसा म्हणाली, कॅझ असता तर त्याने नंबर घेतला असता की आपलं वेल्डिंग दाखवलं असतं?

उंचवटा ठेवला. दांड्याचं भोक तेवढं झाकलं. परीक्षक आलेच तर मीच गालिचा उचलून दाखवीन.

ऑटोमॅटिक बसलं. रुंद पेडल भंगारातून आणलं. कापलेलं पेडल पार्सलने पाठवतोय. कडा धारदार आहेत, जपून.

गाडी तयार आहे. या.

रोमन

*

रॉयल ओक, शनिवार, १९ ऑगस्ट

चि. भाऊजींना आशीर्वाद, वि. वि.

मला इथे मुक्कामाला सोडून तुम्ही मघाशीच निघालात, तरी लिहिते. तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही विषय बदलला असता.

आठ तास वुडवर्डवर गाडी चालवली. बरीचशी मुंगीच्या चालीने, पण चालवली. दर सिग्नलला तुमचा पाय शेजारी रिकाम्या जागी ब्रेक दाबत होता. मला दिसत होतं. पिएरोगींचा डबा मात्र मांडीवर छान सांभाळलात. सवय होईल.

त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने खिडकीतून विचारलं, सगळं मूळचंच का. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही गालिच्याकडे पाहिलंत आणि ठासून सांगितलंत की कारखान्यातून आली तशीच आहे. शब्द, सूर, मान ताठ करणं, सगळं कॅझचं. मला पुढचा सिग्नल नीट दिसेना.

सप्टेंबरात गुण कापले गेले तर जेवायला माझ्याकडे या. नाही कापले तरी या.

वांडा

ता. क. रविवार सकाळ. पत्र टाकायचं राहिलं होतं. डावा गुडघा ठणठणीत आहे. तुमच्या त्या मूळ ब्रेकने उजवा सुजलाय. शेकतेय.