रोज लावायचं अत्तर

प्रिय वर्षाली,

संत तुकाराम नगर ते पुनावळे म्हणजे रिक्षाने अर्ध्या तासाचा रस्ता, त्यात दिवसातून दोनदा फोन, आणि तरी बाबांनी पत्र लिहिलं म्हटल्यावर तू आधी हसशील आणि मग घाबरशील. घाबरू नकोस. माझी साखर हद्दीत आहे, आईचे गुडघे नेहमीइतकेच दुखतात. फोनवर मला नीट बोलता येत नाही, एवढंच. आई शेजारी बसून माझ्या प्रत्येक वाक्यात भर घालते, तिकडे ओजस रडायला लागतो, आणि तू 'बाबा, पटकन बोला' म्हणालीस की बोलायचं ते सोडून मी भाजीचे भाव सांगत बसतो. सोमवारी तू कामावर रुजू होणार. आई बालवाडीच्या कामाला जाणार आणि नऊपासून अडीचपर्यंत ओजस माझ्या ताब्यात असणार. सात महिन्यांचं पोर आणि मी, घरात दोघंच. हा हट्ट माझाच होता, विसरलेलो नाही. पण सोमवारच्या आधी तुला काही सांगायचं आहे, म्हणून आज कागद घेऊन बसलो.

तुझ्याच एका वाक्यापासून सुरुवात करतो. दोन महिन्यांपूर्वी ओजसला माझ्या मांडीवर देताना तू म्हणालीस की रिटायर होऊन इतके दिवस झाले तरी बाबांच्या शर्टांना थिनरचा वास येतो, बघा कसा शिंकतोय तो, रोज काहीतरी चांगलंसं लावत जा की. तू सहज बोललीस, निरंजनराव हसले, मीही हसलो. घरी येऊन मात्र मी कपाटातले सगळे शर्ट काढून गरम पाण्यात भिजवले. आईने विचारलं, तुम्हाला काय झालंय? मी म्हटलं, वास येतोय शर्टांना. ती म्हणाली, तीस वर्षं येतोय, आज कळला होय? मी बादलीत आणखी साबण टाकला. तो मला का कळला नव्हता, ते पुढे येईलच.

चाकणच्या कंपनीत सत्तावीस वर्षं मी पेंट शॉपला होतो आणि सत्तावीस वर्षं अंगाला सुवासिक म्हणून काही लावलं नाही, हे तू लहानपणापासून बघत आलीस. तुझ्या लग्नात अत्तरदाणी घेऊन लोक जवळ आले तर मी दोन पावलं मागे सरकलो, कारण दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट होती. बाहेरच्या माणसाला हे खुळेपण वाटतं. पण बॉडी स्प्रे, केसांचं क्रीम, हातांचं लोशन यातल्या कशाकशात सिलिकॉन असतं, त्याचा कण गाडीच्या ओल्या रंगावर पडला की तिथे रंग फाकतो आणि बारीक खड्डा पडतो. आम्ही त्याला क्रेटर म्हणायचो. एका माणसाच्या काखेतल्या फवाऱ्याने अख्खा लॉट रीवर्कला, म्हणजे घासून पुन्हा रंगवायला, गेलेला मी पाहिलाय. म्हणून आत जायच्या दारावर शिफ्ट सुरू होताना एक माणूस उभा असायचा आणि प्रत्येकाच्या मानेशी, केसांशी नाक नेऊन वास घ्यायचा. शेवटची अकरा वर्षं तो माणूस मी होतो. ज्याच्या अंगाला वास आला त्याला साबणाने डोकं धुवायला परत पाठवायचो. पोरं मला मागून काय म्हणायची ते तुला सांगण्यासारखं नाही, पण समोर म्हणायची, दत्तोबा, तुमचं नाक म्हणजे मशीन हाय राव. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

तर अशा माणसाने अठ्ठावन्नाव्या वर्षी अत्तर निवडायला निघायचं. मी काळेवाडीला गेलो, कादरच्या दुकानात. कादर पूर्वी आमच्याच कंपनीत, आमच्या बसमध्ये असायचा, नंतर नोकरी सोडून त्याने वडलांचा धंदा हातात घेतला. त्याने मला शाळेत बसवल्यासारखं शिकवलं. म्हणाला, काका, पहिल्या दहा मिनिटांच्या वासावर कधी भुलायचं नाही, तो दाखवायचा असतो. अर्ध्या तासानंतर राहतो तो खरा, आणि संध्याकाळी शर्टाला उरतो तो घरच्यांचा. एका वेळी तीनच बघा. रोज लावायचंय ना, मग हलकं घ्या, तुमच्या आधी तुमचा वास घरात शिरला नाही पाहिजे. मी चार छोट्या बाटल्या आणल्या. एक लिंबाच्या जातीची, एक निळी, जिला तो समुद्री म्हणतो, एक वाळ्याची आणि एक ऊदाची. घरी वही घेतली आणि कंपनीच्या पद्धतीने रकाने आखले: तारीख, बाटली, किती वेळा मारलं, किती तास टिकलं, शेरा. शेऱ्यात पास, रीवर्क किंवा रिजेक्ट.

तुला हसू येईल असे शेरे आहेत त्यात. लिंबाचं सकाळी आठला लावलं, साडेआठला आई म्हणाली, लावलंय का काही? रीवर्क. निळं लावून लिफ्टमध्ये शिरलो तर तिसऱ्या मजल्यावरची मिनल म्हणाली, काका, जिम लावलं काय? तेही रीवर्क, कारण जिमवाला आजोबा ओजसला कशाला हवा? ऊद लावून बसमध्ये बसलो आणि शेजारची बाई दोन थांबे नाकाला पदर लावून बसली, मग उठून पुढे उभी राहिली. रिजेक्ट. त्या दिवशी घरी येऊन मी मानेला साबण लावून लावून कातडी लाल केली, तरी गेलंय की नाही ते कळेना. वाळ्याचं आईला आवडलं. नव्या माठासारखं वाटतं म्हणाली आणि जरा जवळ बसली. पास. पण त्यातही धास्ती होतीच. दोनदा मारलं तर लागलं का याची खात्री नाही, म्हणून मी तीनदा मारायचो, मग चारदा. एका सकाळी आईने खिडक्या उघडल्या आणि म्हणाली, अहो, माझं डोकं चढलंय, अंघोळ केलीत काय त्या वाळ्याने?

हे शेरे परत वाचलेस तर तुझ्या लक्षात येईल, वर्षाली, की त्यातला एकही शेरा माझा नाही. आई म्हणाली, मिनल म्हणाली, बसमधली बाई उठली. मला काय वाटलं याचा रकानाच मी आखला नव्हता.

ते पहिल्यांदा कादरच्या लक्षात आलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा दुकानात गर्दी होती. तो कागदाच्या पट्ट्या अत्तरात बुडवून एकेकाच्या हातात देत होता. मलाही एक दिली. मी नेहमीसारखी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि म्हणालो, वा, गोड आहे, पण रोजच्याला जरा जड होईल. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. गिऱ्हाइकं गेल्यावर त्याने माझ्या हातातली पट्टी घेतली आणि काचेवर ठेवली. कोरडी होती. घाईत बुडवायचीच राहिली होती. कादर हळूच म्हणाला, काका, नाकाचं कधीपासून? मी म्हटलं, सर्दी झालीय. त्याने माझ्याकडे बघितलं आणि चहा मागवला. निघताना एवढंच म्हणाला की डॉक्टरला दाखवा, आणि घरात सांगा. मी त्याला हो म्हटलं आणि दोन्हीतलं काहीही केलं नाही.

कधीपासून, हे मला नेमकं सांगता येत नाही. एकदम गेलं असतं तर घाबरून बोललो तरी असतो. पण ते हळूहळू गेलं. आधी फोडणीचा वास कमी झाला, मला वाटलं हिंग भेसळीचा आहे. मग थिनरचा वास जाणवेना, मला वाटलं सवय झाली. रिटायर होण्याआधी दीड वर्ष तर मी दारावर नुसता उभा राहायचो. मानेशी नाक न्यायचो आणि वास घेण्याऐवजी माणसाचा चेहरा वाचायचो. जो नजर चुकवेल त्याला धुवायला पाठवायचो. पुष्कळदा बरोबर निघायचं. एकदा नाही निघालं. कोंडीराम नावाचा आमच्याच लाइनवरचा माणूस, पंचेचाळिशीचा, सरळ. आदल्या संध्याकाळी मेव्हण्याच्या साखरपुड्यात कुणीतरी त्याच्या केसांना चमकायचं क्रीम लावलं होतं आणि त्याच्या ते ध्यानातही नव्हतं. ध्यानात नाही तर तो नजर कशाला चुकवेल? मी त्याला आत सोडलं. बेचाळीस बंपरांवर क्रेटर निघाले. साहेबांपुढे तो म्हणाला, तुमी वास घेतलाय माझा दत्तोबा, तुमीच आत सोडलं, सांगा की. मी सांगितलं, मी घेतला तेव्हा वास नव्हता, नंतर लावलं असेल. त्याला आठ दिवस घरी बसवलं आणि मग पॅकिंगला टाकलं. माझ्या निरोप समारंभाला त्याने येऊन हार घातला. मी घालून घेतला. त्याला अजून खरं सांगितलेलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे जाणार आहे, पण आधी तुझं.

परवा, गुरुवारी, आई बालवाडीत होती. ओजसच्या बाटल्या उकळायचा मी रोज सराव करतो, सोमवारी काही चुकायला नको म्हणून. एका शेगडीवर बाटल्यांचं पातेलं ठेवलं, दुसरीवर दूध, आणि बाहेर येऊन वही लिहीत बसलो. केव्हातरी आत गेलो तर दूध आणि पाणी दोन्ही उतू जाऊन दोन्ही शेगड्या विझलेल्या. मी ओटा पुसला, पातेलं परत ठेवलं आणि लायटर उचलला. तेवढ्यात शेजारच्या शालनबाई दार बडवायला लागल्या. दार उघडलं तर त्या मला ढकलूनच आत शिरल्या, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि म्हणाल्या, अहो भाऊ, जिन्यापर्यंत वास येतोय, तुम्ही घरात बसून काय करताय? लायटर माझ्या हातातच होता. दोन्ही बटणं चालू होती, वर्षाली. मी त्यांना म्हटलं, डोळा लागला होता, सुमनला सांगू नका, उगाच काळजी करेल. त्यांनी मान हलवली. त्या गेल्यावर मी स्वयंपाकघरातच खाली बसलो. बाहेर सतरंजीवर ओजसची दुपटी वाळत घातली होती, त्याला जिथे झोपवायचं ठरवलंय तिथेच.

काल मी डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी कापूर, लवंग, कॉफी, एकेक कुपी डोळे मिटायला लावून नाकाशी धरली. मला एकही ओळखता आली नाही. हे थिनरने झालं, त्या साथीतल्या तापाने की वयाने, ते आता सांगता येणार नाही म्हणाले, आणि परत येईलच असंही म्हणाले नाहीत. निरंजनराव म्हणतील, गॅसचा अलार्म बसवू. बसवू, आईसाठी बसवायलाच हवा. पण नासलेलं दूध, जळणारी वायर, भरलेलं दुपटं, यांना अलार्म नाही. बारशाला तुम्ही सगळे त्याच्या टाळूचा वास घेत होतात. मीही घेतला आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणालो, अगदी दुधाचा वास येतो गं. मला कसलाच वास आला नव्हता. माझ्या नातवाचा वास कसा आहे हे मला माहीत नाही, आणि बहुतेक कधी कळणारही नाही. हे लिहिताना मला रडू येतंय, ते लपवत नाही. पण ओजस जवळ हवा म्हणून मी हे दोन महिने लपवलं, त्याची मला जास्त लाज वाटते. तू पाळणाघरात नाव घातलं होतंस. आजोबा घरात असताना पोर परक्यांकडे कशाला, असं भांडून मीच ते काढायला लावलं. आता मीच सांगतो, सोमवारी ओजसला माझ्याकडे ठेवू नकोस. आई अडीचला आली की मी त्याला आणायला जाईन, खेळवेन, घरात दुसरं कुणी असेल तोवर सांभाळेन, एकटा नाही. आईला मी आज संध्याकाळी सांगतो. हे पत्र तुमच्या सोसायटीच्या टपालपेटीत टाकून, पेटी बघ एवढा मेसेज तुला करून खालूनच परत फिरणार आहे, कारण वर आलो आणि त्याने माझ्याकडे झेप घेतली तर माझ्याच्याने हे तुझ्या हातात द्यायचं होणार नाही. वाचून झालं की मला फोन करू नकोस. आधी पाळणाघराला कर, आज शनिवार आहे, ते दुपारी बंद होतं.

तुझाच,
बाबा