या ना तुम्हीपण

४ मे, रवि.
सई आज स्वतःहून खाली आली. मी इस्त्री करत होतो. फोन माझ्यापुढे धरला. वेल्समधल्या पेम्ब्रोकशरच्या किनाऱ्यावरचं दगडी कॉटेज, मागे टेकडी, पुढे समुद्र, आजूबाजूला कोणी म्हणजे कोणी नाही. "समरमध्ये इथे जाऊ या? फक्त आपण चार."
फेब्रुवारीपासून पोरगी शाळेत गेलेली नाही. सिक्स्थ फॉर्मचं पहिलं वर्ष, म्हणजे आपली अकरावी, मार्क चांगले, सगळं सुरळीत, आणि एका सोमवारी शाळेच्या गेटपाशी गाडीतून उतरलीच नाही. तेव्हापासून काय हवं विचारलं की "नथिंग". आज पहिल्यांदा काहीतरी मागितलं. मी हो म्हणायच्या घाईत इस्त्री शर्टावर तशीच ठेवली. शर्ट गेला. जाऊ दे.

११ मे, रवि.
तिचं कॉटेज आधीच गेलेलं. आता शोधाशोध. चौघांच्या चार तऱ्हा. वैशालीला गॅसची शेगडी हवी, इंडक्शनवर फुलका फुगत नाही म्हणून. हॉलिडेला जाऊन फुलके का करायचे, हे विचारायची माझी टाप नाही. निनादला (वय तेरा, अक्कल सात) वायफाय आणि चालत जाता येईल असं चिप शॉप. मला गाडी नीट लावायला जागा. तिकडच्या त्या झुडपांच्या गल्ल्या, समोरून ट्रॅक्टर आला की मैलभर रिव्हर्स.
सईचं एकच. "ओळखीचं कोणी नको, बाबा. मराठी तर नकोच. सगळे विचारतात." काय विचारतात ते मला ठाऊक आहे. मराठी मंडळाच्या पाडव्याला तिघींनी विचारलं, मेडिसिनला अप्लाय करणार ना गं? त्या दिवसापासून ती कुठेच येत नाही.

१८ मे, रवि.
मिळालं! २ ते ९ ऑगस्ट. गावात एक पब, एक चर्च, राहायला-नाश्त्याला एक छोटं बी अँड बी. सिग्नल शून्य. नि. दोन तास आमच्याशी बोलला नाही, तेवढीच शांतता. शेगडी गॅसची.
सईने भरती-ओहोटीच्या वेळा छापून फ्रिजवर लावल्या. आपल्या हाताने. वै. उगाच धुतलेली भांडी परत धूत होती.

८ जून, रवि.
दामले काका-काकूंकडे जेवायला, वै. आणि मी दोघंच. अळूची भाजी, साखरभात. पोटभर झालं. निघताना दारात बूट घालत होतो. काकूंनी विचारलं, सुट्टीत कुठे? सांगितलं, गावाच्या नावासकट. आणि सवयीने तोंडातून गेलं, "या ना तुम्हीपण."
काका म्हणाले, बघू. वै.ने माझ्याकडे असं पाहिलं की बस. गाडीत मी म्हटलं, अगं, दारात बूट घालताना केलेलं आमंत्रण ते, कोण धरून बसतं? सांगलीला आमच्या आईने असं फाटकात उभं राहून अख्ख्या आळीला जेवायला बोलावलंय. एक माणूस कधी आला नाही.

१० जून, मंगळ.
काकांचा फोन. बी अँड बीत खोली मिळाली. पूर्ण आठवडा. "तू म्हणालास म्हणून हिला हुरूप आला रे."
कपाळ माझं.

१५ जून, रवि.
वै.: "तू बोलावलंस, तूच निस्तर." बरोबर आहे. पण कसं? आम्ही या देशात आलो तेव्हा तीन महिने त्यांच्या वरच्या खोलीत राहिलो. सई झाली तेव्हा काकू चाळीस दिवस रोज बसने बर्मिंगहॅमच्या दुसऱ्या टोकाहून यायच्या, तिला मांडीवर घेऊन अंघोळ घालायला. त्यांचा स्वतःचा मुलगा ऑस्ट्रेलियात, पर्थला. तीन वर्षांत आलेला नाही. अशा माणसांना येऊ नका म्हणायचं?
सईला अजून काही सांगितलेलं नाही. ती समुद्रकाठच्या पक्ष्यांची यादी करतेय.

२९ जून, रवि.
फोन लावला. काकूंनी उचलला. बोलायच्या आत त्यांनी विचारलं, थालीपिठाची भाजणी किती आणू, सईला आवडते ना. मी म्हटलं, एक किलो.
एक किलो! गाढव आहे मी.

१२ जुलै, शनि.
फोनवर जमत नाही म्हणून आज प्रत्यक्ष गेलो, वाक्य पाठ करून. काकांनी दार उघडलं, पायात नवे चालायचे बूट. मऊ व्हावेत म्हणून रोज घरात घालतात. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, कार्पेटवर दोन फेऱ्या मारून दाखवल्या. काकूंनी पावसाळी कोट दाखवला, जांभळा.
परत आलो ते डबाभर बेसनाचे लाडू घेऊन, आणि त्यांना स्टेशनवरून कॉटेजच्या गावी न्यायचं कबूल करून. वै.ने डबा घेतला, झाकण उघडून पाहिलं, परत लावलं.

१३ जुलै, रवि.
सईला सांगितलं. सगळं. दारातलं, भाजणी, बूट, कोट. वाटलं बुटांचं ऐकून हसेल. हसली नाही.
"तू त्यांना नाही का नाही म्हटला?"
म्हटलं, जमलं नाही गं.
"मी एकच मागितला होता."
रडली असती तर बरं झालं असतं. उठली, फ्रिजवरचा कागद काढला, चार घड्या घालून कचऱ्याच्या डब्यात टाकला. मी नंतर तो बाहेर काढून पुसला. वर चहाचा डाग.

१९ जुलै, शनि.
आज सांगून टाकलं. काका-काकू दोघं समोर. दुसरं कारण सुचेना म्हणून खरं तेच सांगितलं. फेब्रुवारीपासूनचं सगळं. गेट, दार लावून बसणं, कौन्सेलर, रात्रीचं जेवण ताटात तसंच. काकू म्हणाल्या, "अरे, मग आधी नाही का सांगायचंस? आम्ही काय परके आहोत?" काकांनी लगेच बी अँड बीला फोन करून खोली सोडली. मग बसून बुटांच्या नाड्या सोडू लागले. त्या नाड्या काही लवकर सुटेनात.
घरी येऊन सईला म्हटलं, काकांचा गुडघा दुखतोय, ते येत नाहीत. का म्हटलं देव जाणे. खरं सांगण्याचा कोटा एका दिवसापुरता संपला असावा.
ती "ओके" म्हणाली. जेवायला खाली आली. डागाचा कागद परत फ्रिजवर लागला.

२ ऑगस्ट, शनि.
पोचलो. झुडपांच्या गल्लीत ट्रॅक्टर आलाच. रिव्हर्स घेताना आरसा घासला, सई मागून मोठ्याने हसली. अजून घासला असता तरी चाललं असतं. संध्याकाळी ओहोटीला चौघं वाळूत. किनाऱ्यावर दुसरं माणूस नाही. वै.चे फुलके फुगले. सईने चार खाल्ले.

४ ऑगस्ट, सोम.
नि.ने शोध लावला. टेकडीवर एक लाकडी बाक आहे, त्याच्या डाव्या टोकाला सिग्नल येतो. ओरडत खाली आला, आम्हा सगळ्यांना वर घेऊन गेला. बसल्या बसल्या फोन वाजायला लागले. सईचाही.
तिने वाचलं, आणि फोन माझ्या हातात दिला.
काकूंचा मेसेज, शनिवारचा. "बाळा सई, बाबांनी सगळं सांगितलं. आम्ही कुणाला काही बोलणार नाही. शाळा काय, पुढे बघता येते. तू बरी आहेस ना? आजी."
माया आहे नुसती त्यात. आणि तरी.
सई म्हणाली, "गुडघा." एवढंच. आणि एकटी उतरून गेली. वै. तिच्यामागे गेली. मी बाकावर. नि. म्हणाला, "बाबा, मी शोधायला नको होता का?" म्हटलं, तुझं काही चुकलं नाही रे.
कोणाला कळू नये म्हणून एवढ्या लांब आणलं, आणि इथे आणायला म्हणून मीच जाऊन सांगितलं.

६ ऑगस्ट, बुध.
जेवते, चालते. माझ्याशी बोलत नाही. मी सॉरी म्हटलं, दोनदा. ओहोटीला ती पुढे, मी पन्नास पावलं मागे. मागे वळून बघत नाही. जवळ जावं तरी चूक, जाऊ नये तरी चूक. वै. म्हणते, काही करू नकोस. तेही जमत नाही.

८ ऑगस्ट, शुक्र.
उद्या सकाळी दहा वाजता कॉटेज सोडायचं. संध्याकाळी सई बाकावर बसलेली दिसली. मी खाली वाटेत उभा, पुढे जावं की मागे फिरावं कळेना. तिनेच हाक मारली.
"आजीला काय लिहू?"
म्हटलं, लिही, मी बरी आहे.
"आहे का मी बरी?"
बापाला अशा वेळी काहीतरी सुचायला हवं. सतरा वर्षं काय करत होतो मग? "मला माहीत नाही, सई," म्हटलं.
ती बाकावर थोडी सरकली. मी बसलो. तिने लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. मी मुद्दाम समुद्राकडे बघत राहिलो. मग खालून वै.ने जेवायला बोलावलं. सईने फोन खिशात घातला. पाठवलं की नाही कळलं नाही.
उतरताना ती पुढे होती. न वळता म्हणाली, "आजोबांनी ते बूट ठेवले का?"
म्हटलं, विचारलं नाही.
"मग विचार," म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.