पन्नाशीपुढच्यांची चालण्याची शर्यत

मास्तर, या पत्रातून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. आपल्या क्लबच्या वार्षिक स्पर्धेत, पन्नाशीपुढच्यांच्या चालण्याच्या शर्यतीत, तुम्ही सर्वांच्या पुढे असताना आणि शेवटची फीत चाळीसएक पावलांवर राहिली असताना मी तुम्हाला लाल झेंडी दाखवून बाद केले, तो निर्णय नियमाला धरून होता. तुम्ही हयात असताना हा मुद्दा मी मांडला नाही, कारण तुम्ही कधी विचारलेच नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे माझ्या स्वभावात बसत नाही. आता तुम्हाला जाऊन तीसहून अधिक वर्षे झाली. समोरचा पक्ष गैरहजर असताना युक्तिवाद करणे फार सोपे असते, हे मी सुरुवातीलाच मान्य करतो. पण गेल्या रविवारी दादरला जुन्या मंडळींचा मेळावा झाला, आणि तिथे मला या बाबतीत एक प्रश्न विचारला गेला. त्याकडे मी क्रमाने येईन.

प्रथम वस्तुस्थिती. आपला क्लब म्हणजे लालबागच्या चाळीतली तळमजल्यावरची एक खोली, आणि तीही भजनी मंडळाबरोबर वाटून घेतलेली. मंगळवार आणि शनिवार त्यांचे, बाकीचे वार आपले. खोलीची लांबी भाल्यापेक्षा कमी होती, म्हणून भाल्याचे टोक खिडकीतून गल्लीत डोकावत असे आणि पहिल्या मजल्यावरच्या बायका त्यावर निःसंकोच परकर वाळत घालत. भालाफेकीच्या सरावाला जायचे असले की आधी वर तोंड करून हाक मारावी लागे. लोखंडी गोळा सतरंजीच्या कोपऱ्यावर ठेवायला भजनी मंडळ मागून नेई आणि परत देताना त्याला अबीर लागलेला असे. हा गोळा इतरांपेक्षा दोन हात जास्त लांब जातो, अशी आपल्या गोळाफेक्यांची श्रद्धा होती. तिला मोजमापाचा आधार नव्हता, हे मी तेव्हाही निदर्शनास आणून दिले होते. तुम्ही म्हणालात, "वकील, तुझं तोंड धावतंय. पाय कधी धावणार?"

मी तेव्हा वकील नव्हतो, कायद्याच्या पहिल्या वर्षाला होतो. परंतु तुमचे नामकरण नेहमी आगाऊ असे. तुम्ही गिरणीत फिटर होता. पहिली पाळी सुटली की घरी जाऊन, अंगावरचा कापूस झटकून, चार वाजता परळच्या मैदानावर हजर. तुमच्या हाताखालून गेलेली मुले पोलिसात लागली, पोस्टात लागली, रेल्वेत लागली. नोकरी मिळाली की पेढे घेऊन तुमच्या दारात उभी राहिली. मी पंधराशे मीटर धावत असे आणि बहुधा शेवटून दुसरा येत असे. शेवटचा येणारा दमेकरी होता. दोन हंगाम तुम्ही हे पाहिलेत. मग मला चालण्याच्या शर्यतीत घातलेत, तेही पाहिलेत, आणि एका संध्याकाळी बाजूला बोलावून म्हणालात, "हे बघ, तुला धावता येत नाही. चालतापण येत नाही. पण दुसऱ्याची चूक तुला लांबून दिसते. तू पंच हो." माझ्या आयुष्यात माझ्या गुणांचे इतके अचूक मूल्यमापन दुसऱ्या कोणी केलेले नाही. पुढच्याच आठवड्यात तुमच्या मंडळींनी, म्हणजे आमच्या काकींनी, मला दोन झेंड्या शिवून दिल्या. पांढरी तुमच्या जुन्या धोतराची होती आणि लाल गणपतीच्या मखराच्या उरलेल्या कापडाची.

चालण्याची शर्यत ही खेळातली सर्वांत तर्कशुद्ध आणि पाहणाऱ्याला सर्वांत हास्यास्पद शर्यत आहे. नियम एका ओळीचा: एक ना एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही पाय एकाच वेळी सुटले की ते धावणे झाले आणि चालणारा बाद. हा नियम पाळून वेग वाढवायचा तर कंबर दोन्ही बाजूंना फेकावी लागते, आणि कंबर फेकत जाणारा मध्यमवयीन माणूस लालबागच्या रस्त्यावर दिसला की लालबाग गप्प बसत नसे. तुम्ही सरावाला निघालात की गिरणीच्या फाटकावरून आवाज येत. "मास्तर, ढोलकी कुठे राहिली?" "फिटर, कमरेचा नट ढिला झालाय तुमच्या!" तुम्ही मान न वळवता म्हणत असा, "टाच. टाच आधी," आणि मागून आम्ही चौघे पाचजण टाच आधी टेकवत, कंबर हलवत, शिवडीच्या रस्त्याला लागत असू. शिवडीची गोदामे येईपर्यंत आमच्यामागे हसणारी मुले असत. गोदामांपाशी मुले थकून परत जात. तुम्ही याला स्टॅमिना म्हणत असा.

आता बक्षिसांविषयी, कारण त्यांच्याशिवाय प्रकरणाचे गांभीर्य कळणार नाही. त्या काळी बक्षीस म्हणजे स्टीलचे भांडे. गिरणगावातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात जाऊन मांडणी पाहिली तर मुलगा कोणती शर्यत धावतो आणि कितवा येतो हे सांगता येत असे. आपल्या चारशे मीटरवाल्याच्या आईकडे वाट्यांचा पूर्ण संच होता. अडथळ्यांच्या शर्यतीत तो पडला त्या वर्षी ताटल्या पाचच राहिल्या आणि पाहुण्यांना आळीपाळीने जेवावे लागले. तुमच्या घरात मात्र पितळ आणि ॲल्युमिनियम. शिकवणाऱ्याला बक्षीस नसते. काकी हे बोलून दाखवत, तेही आम्हा सर्वांदेखत चहा गाळताना: "इतकी वर्सां लोकांच्या पोरांका पळवलात, आपल्या घरात एक वाटी तरी इली?" तुम्ही हसत असा. पण त्या वर्षी तुम्हाला पन्नास पूर्ण झाली, पन्नाशीपुढच्यांच्या शर्यतीत नाव देता आले, आणि पहिले बक्षीस चार पुडांचा स्टीलचा डबा होता. तुम्ही दोन महिने पहाटे एकटे सराव करत होता हे कोणाला ठाऊक नाही असे तुम्हाला वाटत होते. गणेशगल्लीपासून शिवडीपर्यंत सर्वांना ठाऊक होते.

तो रविवार. मैदानाभोवतीच्या रस्त्याने सात फेऱ्या. सकाळी मी रिवाजाप्रमाणे वाकून तुमच्या पायांना हात लावला, आणि त्याच पायांवर नजर ठेवायला शेवटच्या वळणावर जाऊन उभा राहिलो. पाच स्पर्धक होते. त्यांतले दखल घेण्याजोगे दोघेच: तुम्ही, आणि गिरगावच्या क्लबचे ते गोरेपान कारकून, जे इस्त्रीची अर्धी चड्डी आणि गुडघ्यापर्यंत मोजे घालून आले होते. त्यांच्या चालीत दोष काढणे अशक्य होते. त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर असत, आणि कधीकधी बराच वेळ असत. दुसऱ्या फेरीपासून तुम्ही पुढे गेलात. माझ्या शेजारी काकी लिंबाच्या सरबताचा तांब्या घेऊन उभ्या आहेत, तुमची सात वर्षांची मुलगी त्यांचा पदर धरून आहे, आणि काकी प्रत्येक फेरीला मला कोपर मारून म्हणताहेत, "बघ, बघ. कसो चलता तुझो मास्तर." मी पाहतच होतो. माझे कामच ते होते.

सातव्या फेरीत, वळण घेऊन तुम्ही सरळ रस्त्याला लागलात तेव्हा तुमचे दोन्ही पाय जमीन सोडून होते. एकदा नव्हे, सलग चार पावले. मी लाल झेंडी वर केली.

यावर तेव्हा आणि नंतर घेतले गेलेले आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, की पंच तुमचाच शिष्य होता. उत्तर: म्हणूनच तो पक्षपाती ठरण्याचा धोका उलट दिशेने होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, की बाद करण्यापूर्वी पांढरी झेंडी दाखवून ताकीद द्यावी लागते. उत्तर: तुमच्याच हस्ताक्षरातल्या क्लबच्या नियमांच्या वहीत, त्याच कलमाखाली, लिहिले आहे की शेवटच्या शंभर पावलांत चूक स्पष्ट असेल तर थेट लाल झेंडी दाखवता येते. अंतर चाळीस पावले होते, चूक स्पष्ट होती. वही माझ्याकडे आहे. निर्णय नियमाला धरून होता. सिद्ध करायचे ते सिद्ध झाले.

तुम्ही थांबलात. झेंडीकडे पाहिलेत, मग माझ्याकडे, आणि नियमाप्रमाणे रस्ता सोडून पदपथावर चढलात. गिरगावचे कारकून संथपणे शेजारून गेले आणि जाताना त्यांनी तुम्हाला नमस्कार केला, त्यामुळे त्यांना आणखी उशीर झाला. काकींनी तांब्या खाली ठेवला आणि मला उद्देशून जे बोलायला सुरुवात केली ते मालवणीतच शोभते. तुम्ही त्यांना म्हणालात, "गप. पंचाला उलट बोलायचं नाही." मग मला म्हणालात, "झेंडी सरळ धर." एवढेच. टेबलापाशी जाऊन स्वतःच्या नावापुढे तुम्ही स्वतःच 'बाद' असे लिहिलेत, अक्षर नेहमीसारखे टपोरे. दुपारी चाळीच्या पटांगणात मटणाचे जेवण होते. मी पंगतीच्या टोकाला बसलो होतो. तुम्ही वाढप्याला थांबवून सांगितलेत, "पंचाला नळी वाढ. सकाळपासून उभा आहे तो." नळी आली. ती मी खाऊ शकलो नाही असे लिहिणे योग्य दिसले असते, परंतु मी ती खाल्ली. पुढची तीन वर्षे क्लबच्या जेवणात काकी स्वतः वाढायला उभ्या राहिल्या आणि माझ्या ताटात फक्त रस्सा पडला. डबा गिरगावला गेला. तुम्ही पुन्हा कोणत्याही शर्यतीत नाव दिले नाहीत. कारण विचारले तर गुडघा म्हणत असा.

आता मेळाव्याविषयी. आपल्या चाळीच्या जागी टॉवर झाला, म्हणून दादरला हॉल घेतला होता. चारशे मीटरवाला दोन्ही गुडघे बदलून आला होता आणि ते सर्वांना वाकवून दाखवत होता. मी आत शिरताच तो ओरडला, "आले, लाल झेंडी आली! मंडळी, जपून चाला रे." सगळे हसले, मीही हसलो, इतक्या वर्षांत सवय झाली आहे. मग पन्नास वर्षे सांगितला जाणारा किस्सा पुन्हा सांगितला गेला, आता त्यात तुम्ही हवेत दीड फूट उडता. मी कलम सांगितले. ते मी नेहमीच सांगतो. तेव्हा बटाटेवड्यांची थाळी घेऊन एक बाई शेजारी येऊन बसल्या. तुमची मुलगी. शीवला राहते, दोन नातवंडे आहेत, चेहरा तुमचा आणि आवाज काकींचा. म्हणाली, "वकीलदादा, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"बाबांचे दोन्ही पाय तेव्हाच पहिल्यांदा सुटले, की त्याच्या आधीपण?"

मी तिला शेवटच्या शंभर पावलांचे कलम पुन्हा सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले, "बरं," म्हणाली, आणि एक वडा माझ्या बशीत ठेवून उठून गेली. मास्तर, चाळीस वर्षे मी कामगार न्यायालयात उभा राहिलो. बहुतेक वेळा गिरणीतून काढलेल्या माणसाच्या बाजूने, आणि बहुतेक वेळा एकाच मुद्द्यावर: याला आधी ताकीद दिली होती का? मालकांच्या वकिलांनी नेमके कलम वाचून दाखवले की मी म्हणत असे, कलम नको, उत्तर द्या. समोरचा माणूस कलमाआड लपला की मला ते लगेच ओळखता येई. तिलाही आले.

तिच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. पाचव्या फेरीत, त्याच वळणावर, तुमचे दोन्ही पाय सुटले होते. दोन पावले. काकी कोपर मारत होत्या, मी पाहत होतो आणि मला दिसले. तुमच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होते ते मी मैदानावर आधी कधी पाहिले नव्हते. तुम्ही जिंकत होता आणि ते तुम्हाला कळले होते. पांढरी झेंडी माझ्या उजव्या खिशात होती. ज्याने मला टाच टेकवायला शिकवले त्याला टाच टेकवा म्हणायचे, भर रस्त्यात, बायकोमुलीसमोर, हे मला उद्धटपणाचे वाटले. मी ती काढली नाही. लाल झेंडी दाखवताना मात्र मला संकोच वाटला नाही, कारण ती चूक सुधारायला सांगत नाही, फक्त निकाल देते. पांढरी दिसली असती तर तुम्ही दोन फेऱ्या टाच दाबून चालला असतात. वेग थोडा कमी झाला असता. गिरगावचे कारकून तरीही मागेच राहिले असते.

हे पत्र शीवच्या पत्त्यावर पाठवता येईल. पत्ता मी मेळाव्याच्या नोंदवहीतून उतरवून घेतला आहे. पाठवणार नाही. ज्याने समोरासमोर विचारले त्याला टपालाने उत्तर देणे हाही एक प्रकारचा आडोसाच आहे. तिच्याकडे जाऊन बसावे लागेल, आणि ते माझ्याकडून अजून झालेले नाही. गुरुवारी निघालो होतो, जिन्यावरून परत फिरलो.

निर्णय बरोबर होता. पाचव्या फेरीत गप्प राहिलो, ती चूक माझी.

सही,
शेवटच्या वळणावरचा पंच