काचेवरच्या दोन टिकल्या

तेर, मंगळवार, दिवेलागण

मी लॅपटॉप मागितला होता, अण्णांनी टॅब आणला. "दुकानदार म्हणाला, लॅपटॉपची समदी कामं यात होत्यात. अन् हलका बी हाय, बघ." होत असतीलही. पण माझी टायपिंगची परीक्षा महिन्यावर आली. क्लासमधल्या की-बोर्डवर एफ आणि जे या दोन अक्षरांवर बारीक उंचवटे असतात, न बघताही बोटं त्यावरून आपली जागा ओळखतात. इथं नुसती गुळगुळीत काच.

म्हणून आज त्या दोन अक्षरांवर आईच्या दोन टिकल्या चिकटवल्या. दोन ओळी जमल्या. मग बोट कुठंतरी लागलं, की-बोर्ड गायब झाला आणि टिकल्या तेवढ्या कोऱ्या काचेवर राहिल्या. रडूच आलं. वेगळा की-बोर्ड जोडता येतो म्हणे. पण कुठल्या तोंडानं मागू?

तेवढ्यात मेंढरं कोंडून अण्णा आत आले. टिकल्या बघून थांबले, मग हसले. "सजवलास व्हय गं? म्हंजी आवडला तुला!"

टॅब आणल्यापासून आठ दिवस ते हेच विचारायचं टाळत होते की काय?

"लई आवडला," मी म्हटलं.

आता त्या टिकल्या काढताही येत नाहीत.