घाटाची जागा आणि कोलूचा हाजर

मी, प्रेमिला लटारू मांदाळे, राहणार चिचघाट, तालुका मुलचेरा, जिल्हा गडचिरोली, निवृत्त मराठी शिक्षिका, हे माझ्या हातानं लिहिते आहे. बुद्धी ठिकाणावर आहे, हात कापत नाही. आवाज नाही. नागपूरला घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा तो गेला, आणि नंतरच्या किरणांच्या शेकण्यानं उजवा कानही मंद झाला. मृत्युपत्राला आवाज लागत नाही, असं प्रफुल वकिलांनी सांगितलं. माझ्यावर कोणाचा दाब नाही. हे दिवसाउजेडी, ओसरीत बसून लिहिलं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. घर

घर माझ्या पगारातून बांधलं आहे. ते मी चिचघाट नदीपार मदत संस्थेला देते. पुढच्या दोन खोल्यांत नदीपलीकडून आणलेल्या आजाऱ्याला आणि त्याच्या सोबतच्या माणसाला गाडी मिळेपर्यंत निजू द्यावं. पावसाळ्यात पुढच्या दाराला कुलूप लावू नये. सरपंचांनी या घरात सभा घेऊ नये. त्यांनी मागं नदी पार करायच्या डोंग्यावर स्वतःचा फोटो चिकटवला होता. तो काढायला डोंगा चालवणाऱ्या श्रावणला मासे खरवडायची सुरी लागली.

मागच्या खोलीविषयी पुढे लिहिते.

कलम २. संस्था आणि तिचे अधिकार

दिना नदीला पूर आला की पलीकडची गावं तुटतात. आम्ही ढिवर. माझे वडील मासे धरत आणि कोणी पलीकडून हाक मारली की डोंगा टाकत. त्यांच्यानंतर माझा धाकटा भाऊ कोलू हे करू लागला.

एका वर्षी त्यानं मांडीला जखम झालेला अनोळखी माणूस आणला आणि दवाखान्यात पोचवला. मग वर्दीतली माणसं आली आणि विचारून गेली की याला का आणलं. पुढच्या आठवड्यात बिनवर्दीतली आली. त्यांनीही तेच विचारलं. कोलू दोघांनाही म्हणाला, "नाव विचारत बसलो असतो तर तो तिथीच मेला असता." हे उत्तर दोघांनाही पुरलं नाही. तेव्हा मी ठरवलं की आपल्याजवळ दाखवायला कागद पाहिजे.

देशाच्या रेडक्रॉस सोसायटीसाठी वेगळा कायदा आहे. तो मी मागवून वाचला. रुक्ष आहे. सदस्य कोण, मालमत्ता कोणाची, अधिकार कोणते, एवढंच. पण ज्याच्याजवळ तसं लिहिलेलं आहे त्याला घाटावर उभं करून कोणी विचारत नाही, हे मला दिसलं.

मी वाचत होते तोवर कोलूनं डोंग्याच्या तोंडाला तांबडा क्रॉस रंगवून टाकला. चिन्ह काढलं की संस्था झाली, असं त्याला वाटलं. गावालाही वाटलं, नारळ फोडून झाला होता. पुढे एका अधिकाऱ्यानं सांगितलं की ते चिन्ह कोणी वापरायचं हे कायद्यानं ठरलेलं आहे, पुसा. कोलूनं दगडानं घासून पुसलं.

"मंग आमचं चिन्ह काय, मासोळी?"

मी हो म्हटलं. तेव्हापासून डोंग्यावर मासोळी आहे.

नोंदणीला सात सदस्य लागतात. कोलू पहिला, मी दुसरी. नियम मी लिहिले. पलीकडून कोणीही हाक मारली तरी संस्था डोंगा टाकू शकेल. हाक मारणाऱ्याला नाव, गाव, जात, पक्ष विचारणार नाही. डोंग्यात बंदूक, दारू आणि प्रचाराचे फलक चढवणार नाही. आणलेल्या माणसाविषयी संस्थेला मत असणार नाही. शेवटचा नियम असा: सदस्य राजीनामा दिल्यानं किंवा मेल्यानं कमी होतो, आणि ज्याचा देह घरी आला नाही तो मेला असं संस्था धरणार नाही.

त्या नियमावर नोंदणीच्या कारकुनानं बोट ठेवलं.

"बाई, कोण मेला हे संस्था ठरवते का? ते कायदा ठरवते."

"कायदा घाटावर येते का?" कोलू म्हणाला.

"नाई."

"मंग आमी ठरवतो."

कारकून हसला आणि शिक्का मारला. हा अधिकार आमच्याजवळ असा आला.

कलम ३. नावं घेण्याची रीत

बाहेरच्यांसाठी लिहिते. आमच्या गावात डोंगा लोटण्याआधी मागे बसणारा माणूस डोंग्याच्या कामातल्या सगळ्यांची नावं घेतो. जो डोंग्यात आहे तो "हाजर" म्हणतो. जो काठावर आहे तोही म्हणतो. नदीनं नेलेल्या आणि परत न दिलेल्या माणसाचंही नाव घेतात, आणि त्याच्या रक्ताचं कोणी त्याच्या वतीनं हाजर म्हणतं. सगळ्या नावांना उत्तर आल्याशिवाय डोंगा सुटत नाही. माझ्या लहानपणी आजोबांच्या भावाचं नाव घेत. एका उन्हाळ्यात डोहातली वाळू सरकली आणि हाडं उघडी पडली. त्या दिवसापासून ते नाव थांबलं.

शाळेत मी हे कधी सांगितलं नाही. सहकारी हसले असते. त्यातल्या एकीजवळ माझी पुस्तकं आहेत. ती तिनं परत करावीत.

कलम ४. कोलू

श्रावणातली दुपार होती. ऊन पडलं होतं आणि पाणी उतरणीला लागलं होतं. पलीकडून हाक आली. मी ओसरीत जेवत होते. मलाही ऐकू आली. बाई होती की बाप्या, सांगता येणार नाही. कोलूनं ताट सारलं. श्रावण बाजाराला गेला होता, म्हणून तो एकटा निघाला. नावं त्यानंच घेतली, स्वतःचंही घेतलं, आणि स्वतःच हाजर म्हणाला. मी दारातून पाहत होते. मधल्या धारेपर्यंत तो दिसला. मग मी हात धुवायला आत गेले.

बाहेर आले तेव्हा डोंगा येत होता. आत कोणी नव्हतं. धारेला आडवा, सावकाश, कोणी वल्हवतं आहे असा. आपल्या जागी येऊन टेकला. दोर गुंडाळलेला होता. वल्हं कोरडं होतं.

पलीकडच्या गावात आम्ही विचारलं. त्या दिवशी त्या काठावर कोणी आलंच नव्हतं. त्यांच्यातली एक म्हातारी, बुधरी, म्हणाली, "हाक तं आमीबी आयकली, बाई. पण ते तुमच्या काठावरून आली."

शोध झाला, पंचनामा झाला. देह मिळाला नाही. तेव्हापासून दर खेपेला कोलूचं नाव घेतात आणि मी हाजर म्हणते. म्हणत होते.

कोलूची बायको वच्छला मला म्हणाली होती, "बाई, तुमी कागद केला म्हून तो गेला. आधी तं तो हाक आयकून बी जेवत राहे." ती आता नाही. ती खोटं बोलली नव्हती, एवढं इथे नोंदवते.

कलम ५. घाटाची जागा

डोंगा लागतो ती पट्टी वडिलांच्या नावाची होती. आता अर्धी माझी, अर्धी कोलूची. माझा हिस्सा मी संस्थेला देते. प्रश्न कोलूच्या हिश्शाचा आहे. चढउताराची वाट त्यातूनच जाते. दोन्हीकडे खडक आहे. दुसरीकडे डोंगा लावता येत नाही.

कोलूचा मुलगा निकेश ऊर्जानगरला वीज केंद्रात कामाला आहे. शांत मुलगा आहे. वाळूचा धंदा करणारा एक माणूस त्याच्याकडून पट्टी मागतो आहे. त्यासाठी ती निकेशच्या नावावर व्हायला पाहिजे, आणि त्यासाठी कोलू मेला पाहिजे. सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो मेला, असं न्यायालय धरू शकतं. निकेशनं तसा अर्ज केला. मला सांगायला आला, चोरून केला नाही.

"आत्या, माह्यं बी घर आहे. पोरगी शिकते माही. किती दिवस बाबाले लटकवून ठेवाचं?"

तेव्हा माझा आवाज होता. मी म्हटलं, "डोंगा कुठी लावशील?"

"पूल होऊन राह्यला ना."

"पूल तुझ्या जन्माच्या आधीपासून होऊन राह्यला."

तो हसला, मीही हसले. अर्ज तसाच राहिला. कोलू मेला असं ठरलं तर घाट जातो, घाट गेला तर डोंगा जातो, आणि पलीकडची माणसं पावसाळाभर काठावर उभी राहतात. मृत्युपत्र मी याचसाठी लिहिते आहे. बाकीचं वाटण्यासारखं फार नाही.

कलम ६. मोजणीचा दिवस

यंदा पावसाळा संपता संपता निकेश मोजणीवाल्याला घेऊन आला. भर दुपार होती. साखळी पसरून झाली होती. माझं ऑपरेशन होऊन थोडेच महिने झाले होते; गळ्याला पट्टी होती. तेवढ्यात पलीकडून हाक आली, ऑपरेशननंतरची पहिलीच. आम्ही सगळ्यांनी मान वर केली. पलीकडे माणसं दिसत होती, खाटेवर कोणाला तरी आणलं होतं. साप चावला होता, हे नंतर कळलं.

श्रावण आणि त्याचा डोंग्यावरचा जोडीदार सुरेंद्र चढले. मी काठावर पाण्याजवळ उभी राहिले. निकेश माझ्यामागे होता. श्रावणनं नावं घेतली. सुरेंद्र, हाजर. श्रावण, त्यानं स्वतःच. माझ्या नावाला मी हात वर केला. तसं आम्ही ठरवून घेतलं होतं. मग तो म्हणाला, "कोलू."

कोलूच्या नावाला हात चालत नाही. रक्ताच्या माणसानं तोंडानंच म्हणावं लागतं; श्रावणचं नि आमचं आडनाव तेवढं एक. मी तोंड उघडलं. हवा आली.

श्रावण माझ्याकडे पाहीना. तो माझ्या खांद्यावरून निकेशकडे पाहत होता. निकेश म्हणाला असता तर बाप जिवंत आहे असं गावासमोर कबूल केल्यासारखं होतं, आणि मोजणीवाला ऐकत होता. म्हणाला नसता तर डोंगा सुटला नसता. पलीकडे खाट खाली ठेवली होती. श्रावणनं पुन्हा नाव घेतलं.

"हाजर."

आवाज निकेशचा होता. निकेशचा आवाज बापासारखाच आहे, जरा घोगरा. मी मागे वळले नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मला त्याला दाखवायचं नव्हतं. श्रावणनं दोर सोडला.

दिसलं ते लिहिते. डोंग्यात दोघं होते. जाताना डोंग्याची कड तिघांच्या वजनाइतकी पाण्याला टेकली होती. सुरेंद्र वाकून तळ चाचपत होता, कुठे पाणी शिरलं का म्हणून. शिरलं नव्हतं. खाटेवरचा माणूस, मनसाराम त्याचं नाव, वाचला. यंदाचं धान त्यानं स्वतः कापलं. त्या खेपेनंतर पाणी उतरलं, डोंगा पुन्हा लोटावा लागला नाही.

मोजणीवाला साखळी गोळा करून गेला. निकेशही न जेवता गेला.

कलम ७. निकेश

जो आपल्या तोट्याचा शब्द परक्या माणसासाठी उच्चारतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवते. म्हणून:

मागची खोली निकेशची. त्याच्या मुलीनं सुट्टीत तिथे राहावं. माझी उरलेली पुस्तकं तिची.

माझ्यानंतर कोलूच्या नावाला हाजर म्हणण्याचा हक्क निकेशचा. तो नसेल तेव्हा त्याच्या मुलीचा.

माझ्या मरणानं संस्थेत जी जागा रिकामी होईल ती निकेशला द्यावी. कोलूची जागा रिकामी नाही.

अर्ज मागे घ्यावा, असं मी त्याला लिहून सांगत नाही. खोली त्या अटीवर नाही.

कलम ८. बाकीचं

बँकेतली शिल्लक डोंग्याच्या डांबराला, दोराला आणि आजाऱ्यांच्या गाडीभाड्याला. मोठं जाळं सुरेंद्रला. तांब्याची घागर श्रावणच्या बायकोला. ती तिनं पूर्वीच नेलेली आहे, आता तिची झाली. श्रावणला काही ठेवलेलं नाही, कारण तो साक्षीदार आहे आणि त्याला काही दिलेलं आवडत नाही.

मी खाटेवर मरेन असं दिसतं. देह घरातच असेल, तेव्हा माझं नाव त्याच दिवशी थांबवावं. कोणाला सवयीनं घ्यावंसं वाटलं तरी घेऊ नये.

अंमलबजावणी प्रफुल वकिलांनी करावी. सह्या होण्याआधी निकेशला हे वाचायला द्यावं आणि वाचल्याची नोंद त्यानं शेवटी स्वतःच्या हातानं करावी. त्याला मान्य नसलेलं काही असेल तर तेही लिहावं. मी खोडणार नाही.

हे सगळं मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

प्रेमिला लटारू मांदाळे
चिचघाट, १६ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:
१. श्रावण नारायण मांदाळे, डोंगा चालवणारा, चिचघाट
२. उर्वशी देवाजी रामटेके, आरोग्यसेविका, मुलचेरा

वाचल्याची नोंद

मी, निकेश कोलू मांदाळे, हे सगळं वाचलं. आत्यानं मान्य नसलेलं लिही म्हटलं म्हणून लिहितो.

कलम सहा बरोबर नाही. त्या दिवशी हाजर मी म्हटलं नाही. मी म्हणणारच नव्हतो. दात आवळून उभा होतो. मोजणीवाला माझ्या बाजूलाच होता, त्याला विचारा. आवाज माझ्याकडून नाही आला, समोरून आला. डोंग्यातून. आत्याला त्या मंद कानानं कळलं नसेल.

आज सकाळी श्रावणकाकाला विचारलं, तुले माहीत होतं का. तो म्हणाला, "मी तुह्याकडंच पाहत होतो ना बे. तुह्यं तोंड बंद होतं." मी म्हटलं, मंग आत्याले काऊन नाई सांगतलं. तो म्हणाला, "तिले तू भेटला होता. काऊन सांगू?"

मागची खोली मला नको. ती आजाऱ्यांना द्या. पुस्तकं पोरगी नेईल.

न्यायालयात बाबा मेले असं मला शपथेवर सांगायचं होतं. तारीख येऊन गेली. मी गेलो नाही. अर्ज काढून घेतला आहे, त्याची प्रत वकिलांजवळ आहे.

संस्थेत मला घ्यायचं तर घ्या, दोर ओढीन. पण बाबांच्या नावाला मी उत्तर देणार नाही. नाव घेऊन थांबत जा.

निकेश कोलू मांदाळे